चिनी भिक्खूंची जिज्ञासा आणि नगराबाहेरचा माणूस

परदेशातून आलेला मनुष्य ज्या गोष्टींकडे थांबून पाहतो, त्या देशीच्या माणसाला लिहून ठेवण्याजोग्या वाटत नाहीत. रोजचे जेवण, अंघोळ, बाजार, वस्ती यांची नोंद सहसा कोणी करीत नाही, कारण ती सर्वांना ठाऊक असते. प्राचीन भारतातील अशा साध्या व्यवहारांविषयी आज आपणांस जे ज्ञात आहे, त्याचा मोठा भाग फाहियान, ह्युएन त्संग आणि इत्सिंग या तीन चिनी भिक्खूंच्या जिज्ञासेचे देणे आहे. बौद्ध अभ्यासकांनी हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ऋण मानणे आणि चिकित्सा सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या तीन प्रवासवर्णनांकडे आम्ही येथे त्याच दृष्टीने पाहणार आहोत.

फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांगआन नगरीतून निघाला. विनयाचे ग्रंथ मिळविणे हा त्याचा हेतू. ह्युएन त्संग सातव्या शतकात आला आणि इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी परतला. पुढच्याच वर्षी त्याचा वृत्तांत पूर्ण झाला. इत्सिंग इ. स. ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघाला व नालंदा येथे सुमारे दहा वर्षे राहिला. तिघांची दृष्टी निरनिराळी आहे. फाहियान थोडक्यात लिहितो. ह्युएन त्संग देशाची मोजमापे, नगररचना, पोशाख, शिक्षण, करपद्धती, न्याय असे सर्व विषय क्रमाने मांडतो. इत्सिंग तर विहारातील दिनचर्येत इतका बारकाईने शिरतो, की दंतकाष्ठ बारा अंगुळांहून लांब व आठ अंगुळांहून आखूड नसावे, हेही तो सांगतो.

या बारकाव्यांचे मोल कमी नाही. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी श्रावस्ती, कुशीनगर आदी विस्मृत स्थळांचा शोध घेतला, तो या वर्णनांच्या आधारेच. ह्युएन त्संगाने महाराष्ट्रातील लोक स्वाभिमानी, उपकार न विसरणारे व अपमानाचा सूड घेणारे असल्याचे लिहिले आहे. पुलकेशी राजाचा उल्लेख करून येथे शंभरांहून अधिक संघाराम व सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचे तो नोंदवितो. पूर्वेकडील डोंगरात अर्हत आचाराने उभारलेल्या ज्या विहाराचे वर्णन तो करतो, ते अजिंठ्याचेच असावे, असे अभ्यासक मानतात. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचल हे नाव आढळते, ही गोष्ट या मताला बळ देते.

मात्र येथेच आमचा मूळ प्रश्न उभा राहतो. या जिज्ञासेची दिशा कोणती होती?

मध्यदेशातील लोक प्राणिहत्या करीत नाहीत, मद्य पीत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत, असे फाहियान लिहितो. इतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांत ‘सुवर्णयुगा’चा पुरावा म्हणून हा मजकूर हमखास येतो. परंतु त्याच्या लगतचा मजकूर बहुधा गाळला जातो. या नियमाला अपवाद चांडाळांचा, असे सांगून फाहियान पुढे लिहितो, की ते इतरांपासून वेगळे राहतात आणि नगरात वा बाजारात शिरताना लाकूड वाजवितात, म्हणजे लोकांनी त्यांना ओळखून दूर व्हावे. ह्युएन त्संगाच्या वृत्तांतात खाटीक, कोळी, नट, फाशी देणारे व सफाई करणारे यांच्या घरांवर खूण असते, त्यांना नगराबाहेर राहावे लागते व वस्तीत वावरताना डाव्या कडेने अंग चोरून चालावे लागते. इत्सिंग एक पाऊल पुढे जातो. मैला वाहणारे काठ्या वाजवीत चालतात आणि चुकून त्यांचा स्पर्श झाल्यास मनुष्य स्नान करून वस्त्रेही धुतो, असे तो सांगतो. पहिल्या नोंदीत आवाज आहे, दुसरीत वस्ती आहे, तिसरीत स्पर्श आहे.

तिन्ही लेखक भिक्खू आहेत. सुनीत व सोपाक यांना संघात घेणाऱ्या तथागताचे ते अनुयायी. मातंगकन्येची कथा चिनी भाषेतही गेलेली होती. तरीही काठी वाजविणाऱ्या माणसापाशी थांबून त्याला एक प्रश्न विचारल्याची खूण या नोंदींत नाही. सिंहलद्वीपात जेड पाषाणाच्या बुद्धमूर्तीसमोर चीनमधील पांढरा रेशमी पंखा वाहिलेला पाहून फाहियानाच्या डोळ्यांत पाणी आले होते. अशा कोमल मनाच्या माणसाने लाकडाचा आवाज मात्र केवळ एक चाल म्हणून टिपला. इत्सिंग तर स्वदेशातील मलौषधीच्या प्रथेवर टीका करताना, स्वच्छतेचा दाखला म्हणून ही चाल पुढे करतो.

यावर कोणी म्हणेल, की ते यात्रेकरू होते, समाजशास्त्रज्ञ नव्हते. हा बचाव आम्हांस अपुरा वाटतो. दंतकाष्ठाची अंगुळे मोजणाऱ्याजवळ निरीक्षणशक्तीची उणीव नव्हती. त्यांना माहिती देणारे लोक विहारातले, दरबारातले व विद्वानांतले होते. ह्युएन त्संगाने केलेले चार वर्णांचे वर्णन वाचले, की ते शास्त्री-पंडितांच्या तोंडून आलेले आहे, हे जाणवते. परक्याची जिज्ञासा यजमानाच्या उंबरठ्यावर अडते, हा धडा आजच्या प्रवाशांनाही लागू आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘दि अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात याच साक्षींची तपासणी केली. फाहियानाची चांडाळविषयक नोंद आपल्या हाती आलेला सोपा पुरावा म्हणून त्यांनी उचलली नाही. चांडाळांविषयीच्या ब्राह्मणी वैरभावाची छाया त्यावर असू शकते, म्हणून ती त्यांनी अपुरी मानली. ह्युएन त्संगाच्या नोंदीत चांडाळांखेरीज इतर समूहही येतात, म्हणून तिला त्यांनी अधिक वजन दिले. अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास झाला, हा त्यांचा निष्कर्ष अशा चाळणीतून आलेला आहे. आमच्या मते इत्सिंगची स्पर्शविषयक नोंद या मांडणीशी सुसंगत आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस विटाळाची कल्पना किती रुजली होती, हे तीवरून कळते.

म्हणून या ग्रंथांचे वाचन केवळ श्रद्धेने करणे आम्हांस मान्य नाही. विहारांतील अभ्यासवर्गांत नालंदेचे वैभव जितक्या अभिमानाने सांगितले जाते, तितक्याच स्पष्टपणे नगराबाहेरच्या माणसाची ही तीन वाक्येही सांगितली जावीत. बील, लेग, ताकाकुसू व वॉटर्स यांची इंग्रजी भाषांतरे परस्परांशी ताडून पाहावीत, कारण अनुवादकाच्या शब्दानेही अर्थ बदलतो. ज्यांच्याविषयी लिहिले गेले, पण ज्यांना कधी विचारले गेले नाही, त्यांचे वंशज आज वाचक झाले आहेत. त्या काठीचा आवाज ऐकून बाजूला होणाऱ्यांनी तो लिहून ठेवला नाही. परक्याने तो लिहून ठेवला, पण त्याचा अर्थ विचारला नाही. तो विचारण्याचे काम आता आपले आहे.