न वाचलेला क्रॉनबॅक

गेली एकवीस वर्षे मी इतरांचे प्रबंध तपासून देण्याचे काम करतो. शुद्धलेखन, संदर्भसूची, तक्त्यांचे क्रमांक, एवढीच माझी हद्द. शिक्षणशास्त्र असो वा वाणिज्य, तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटते: प्रश्नावलीची विश्वसनीयता क्रॉनबॅक अल्फाने तपासली, तो ०.७ हून अधिक आला. पुढे कंसात ‘क्रॉनबॅक, १९५१’. एका शिक्षक-संशोधकाला मी विचारले, हा लेख पाहिलात का? तो हसला. “काका, तो कोण वाचतो? एसपीएसएस आकडा देतं, आपण नाव द्यायचं.” मला राग यायला हवा होता, पण मी स्वतःही एका लेखात हाच उल्लेख लेख न पाहता केला होता. त्या शरमेपोटी मग मूळ लेख मिळवून वाचला.

ली क्रॉनबॅक (१९१६–२००१) हे कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचे. अध्यापन आधी इलिनॉय विद्यापीठात, पुढे स्टॅनफर्डमध्ये. ‘सायकोमेट्रिका’तल्या त्यांच्या लेखाचा प्रश्न कोणत्याही परीक्षकाला कळेल असा आहे. चाचणी एकदाच घेतली. तशाच दुसऱ्या चाचणीत मुलांना असेच गुण मिळाले असते का? त्याआधी चाचणीचे दोन भाग करत, सम प्रश्न एकीकडे, विषम दुसरीकडे, आणि दोन्हींचे गुण जुळवून पाहत. पण विभागणी बदलली की उत्तर बदले. अल्फा म्हणजे अशा सगळ्या शक्य विभागण्यांची सरासरी, हे क्रॉनबॅक यांनी दाखवून दिले. सूत्र मात्र पूर्णपणे त्यांचे नव्हते. बरोबर-चूक प्रश्नांपुरते ते कुडर आणि रिचर्डसन यांनी १९३७ मध्ये मांडले होते. गटमन यांच्या १९४५ च्या लेखातही तेच वेगळ्या नावाने आहे. ग्रीक अक्षर निवडले ते पुढे आणखी गुणक येतील म्हणून. ते आले नाहीत, पण पहिल्या अक्षराला माणसाचे आडनाव चिकटले. आपल्याला त्याचा संकोच वाटतो, असे क्रॉनबॅक यांनीच लिहून ठेवले आहे.

आता त्या ०.७ कडे वळू. समजा सहा प्रश्न आहेत आणि कोणत्याही दोन प्रश्नांतला सहसंबंध ०.३, म्हणजे बेताचाच. अल्फा येतो ०.७२. त्याच दर्जाचे प्रश्न बारा केले तर ०.८४, वीस केले तर ०.९०. एकही प्रश्न सुधारलेला नाही, फक्त संख्या वाढली. आकडा मोठा म्हणजे सगळे प्रश्न एकच गुण मोजतात, असेही नाही. दोन वेगळ्या गोष्टी मोजणारे प्रश्न एकत्र घातले तरी तो मोठा येऊ शकतो. शिवाय ०.७ ही सीमारेषा क्रॉनबॅक यांची नव्हेच. ती नन्नली यांच्या १९७८ च्या पाठ्यपुस्तकावरून घेतात. तिथे संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यापुरती ती सवलत आहे. गुणांवरून माणसाचे भवितव्य ठरणार असेल तर ०.९० ही किमान अट त्याच पुस्तकात आहे. ही दुसरी ओळ मला आजवर एकाही प्रबंधात दिसलेली नाही.

लेखाचा पन्नासावा वाढदिवस जवळ आला तेव्हा वृद्ध क्रॉनबॅक यांनी त्याकडे वळून पाहिले. ते टिपण रिचर्ड शेव्हलसन यांनी संपादित केले आणि क्रॉनबॅक यांच्या मृत्यूनंतर, २००४ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. त्यात ते उल्लेखांची मोजदाद देतात: साडेपाच हजारांहून अधिक, आणि अजूनही वर्षाला सव्वातीनशेच्या आसपास. लगेच सांगतात की उल्लेख करणाऱ्याने लेख वाचला असेलच असे नाही, उघडून पाहिला असेल याचीही खात्री नाही. पुढे तर बहुतेक सामग्रीसाठी अल्फा हे योग्य साधन आहे, असे आपल्याला आता वाटत नाही, अशी कबुली देतात. इतका मान मिळालेल्या संशोधकाने स्वतःच्या कीर्तीचा असा हिशेब मांडावा, हे मला त्या सूत्रापेक्षा मोलाचे वाटते.

खरे तर त्यांचे मोठे काम दुसरेच. ग्लेसर, नंदा आणि राजरत्नम यांच्यासह लिहिलेल्या १९७२ च्या ग्रंथात त्यांनी चूक एकाच आकड्यात कोंबली नाही. परीक्षकामुळे किती, प्रश्नामुळे किती, दिवसामुळे किती, असे तिचे वाटे केले. निबंधाचे गुण दोन परीक्षकांकडे दोन तऱ्हेने पडतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या ग्रंथाची गरज लगेच पटावी. पण ही पद्धत आकडेमोडीत किचकट, म्हणून उल्लेख अल्फाचेच होत राहिले. लोकप्रियतेचा आकडा उपयोगाचा नव्हे, सोयीचा निघाला.

त्या शिक्षकाच्या प्रबंधात मी दोन ओळी सुचवल्या: प्रश्न किती, आणि त्यांतला सरासरी सहसंबंध किती. त्याने त्या मनापासून लिहिल्या. मार्गदर्शकांनी खोडल्या, परीक्षक उगाच प्रश्न विचारतील म्हणाले. अंतिम प्रत माझ्याकडे आली तेव्हा जुने वाक्य जागच्या जागी होते. आडनाव ‘क्रोनबाख’ असे पडले होते, ते मी दुरुस्त केले.