तीन बाटल्या, एकच धूर

लॅगावूलिनची सोळा वर्षांची व्हिस्की आठ वर्षांच्या व्हिस्कीपेक्षा जास्त धुरकट असणार, असं बहुतेक मंडळी धरूनच चालतात. वय वाढलं म्हणजे सगळंच वाढलं, हा आपला हिशेब. प्रत्यक्षात धूर ओसरत जातो. ज्या फिनॉल जातीच्या संयुगांमुळे नाकात धूर, डांबर आणि टिंक्चर आयोडीन एकदम शिरतात, ती पिंपात वर्षागणिक मंदावतात. तरीही सोळाचा धूर जास्त खोल वाटतो, घोट उतरल्यावर कितीतरी वेळ घशात रेंगाळतो. ही गंमत कशी घडते आणि तिच्यात लाकडाचा हात किती, हे पाहायला लॅगावूलिनइतकी सोय क्वचितच सापडते. तिच्या तीन बाटल्या शेजारी शेजारी मांडता येतात: आठ वर्षांची, सोळा वर्षांची आणि 'डिस्टिलर्स एडिशन'. डिस्टिलरी एक, स्पिरिट एक, वेगळा तो पिंपातला मुक्काम किंवा पिंपांची तऱ्हा.

आयला (उच्चार खरंच हाच आहे, हसू नका) हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं बेट. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर एकाच रस्त्याला लफ्रॉइग, लॅगावूलिन आणि आर्डबेग लागतात. बेटावर झाडं कमी, त्यामुळे पूर्वापार सरपण म्हणजे पीट: दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेलं शेवाळ, गवत, झुडपं. मोड आलेली बार्ली या पीटच्या धुरावर वाळवायची आणि धूर दाण्याच्या टरफलात कायमचा बसवायचा. लॅगावूलिनसाठी हे काम आता जवळच्या पोर्ट एलनच्या मोठ्या माल्टिंग कारखान्यात होतं. म्हणजे धूर बाहेरून येतो. मग डिस्टिलरीचं स्वतःचं असं काय उरतं?

याचं उत्तर पीटर मॅकीला फार महागात पडलं. 'व्हाइट हॉर्स' ब्लेंडवाला हा मॅकी लॅगावूलिनचा मालक होता, शिवाय शेजारच्या लफ्रॉइगची विक्रीही त्याच्याकडे असे. १९०७मध्ये ती एजन्सी हातची गेली. गडी इतका भडकला की त्याने लफ्रॉइगचं पाणी अडवलं. कोर्टाने ते पूर्ववत करायला लावलं. मग १९०८मध्ये त्याने लॅगावूलिनच्या आवारातच 'मॉल्ट मिल' नावाची दुसरी छोटी डिस्टिलरी उभारली, लफ्रॉइगसारखीच पॉट स्टिल (ऊर्ध्वपातनाची तांब्याची भांडी) बसवली, तिथला माणूसही फोडून आणला. सगळं तेच, पण व्हिस्की लफ्रॉइगची होईना. मॉल्ट मिल १९६२मध्ये बंद पडली. केन लोचच्या 'द एंजल्स शेअर' या २०१२च्या चित्रपटात हिच्याच एका काल्पनिक पिंपासाठी चोऱ्यामाऱ्या चालतात.

लॅगावूलिनचं स्पिरिट जड असतं. तिथली पेरूसारखी फुगीर स्टिल जवळजवळ काठोकाठ भरतात आणि मंद आचेवर, घाई न करता चालवतात. दुसरं ऊर्ध्वपातन नऊ तासांच्या वर जातं. वाफेला तांब्याशी घासाघीस करायला वाव कमी मिळतो, त्यामुळे तेलकट, मांसल, काहीसं गंधकी असं बरंच काही सोबत उतरतं. हे स्पिरिट पाण्यासारखं स्वच्छ आणि बिनरंगाचं असतं. साधारण ६३.५ टक्क्यांवर आणून ते पिंपात भरतात. कायद्याने (२००९चे नियम) ते ओकच्याच पिंपात, ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या पिंपात आणि स्कॉटलंडमध्येच किमान तीन वर्षं मुरलं पाहिजे. त्याआधी त्याला स्कॉच व्हिस्की म्हणता येत नाही.

आता बाटल्या.

आठ वर्षांची २०१६मध्ये, डिस्टिलरीच्या द्विशताब्दीनिमित्त आली. १८८०च्या दशकात आल्फ्रेड बर्नार्ड ब्रिटनभरच्या डिस्टिलऱ्या पालथ्या घालत इथे आला होता आणि आठ वर्षांच्या लॅगावूलिनवर खूश झाला होता. त्याची ही आठवण. ४८ टक्के अल्कोहोल, रंग गवती चहाच्या पाण्यासारखा फिकट. वास घेतला की धूर सरळ अंगावर येतो. लिंबाची साल, ओली राख, कच्चं धान्य, समुद्रकाठी वाळत घातलेल्या जाळ्यांचा खारट उग्रपणा. जिभेवर आधी गोड, लगेच मिरी, मग पुन्हा राख. इथे पिंपाने फारसं काही लादलेलं नाही, कारण ही पिंपं आधी एकदोनदा व्हिस्कीसाठी वापरून झालेली आहेत. स्टिलमधून काय उतरलं होतं, ते जवळपास जसंच्या तसं ऐकू येतं. माझं मत विचाराल तर आयलाच्या परिचयासाठी यापेक्षा प्रामाणिक बाटली नाही. पण ती एकसुरी आहे, हेही मान्य केलं पाहिजे. तिसऱ्या घोटानंतर ती नवीन काही सांगत नाही.

पिंप नेमकं काय करतं, याबद्दल 'लाकडाचा स्वाद उतरतो' एवढंच सांगून लोक मोकळे होतात. उतरतो, हे खरं. ओकमधलं लिग्निन उष्णतेने तुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन निघतं. हेमिसेल्युलोजमधल्या साखरा भाजून कॅरमल, टॉफी येते. ओकमध्ये एक लॅक्टोन असतो, तो हुबेहूब नारळाच्या वडीचा वास देतो. बर्बनच्या पिंपात मुरलेली कुठलीही चांगली मॉल्ट हुंगा, नारळ सापडेल. पण देण्याइतकंच घेण्याचं कामही मोठं आहे. अमेरिकन कायद्यानुसार बर्बन दर वेळी नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात भरावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं स्कॉटलंडला मुबलक मिळतात. त्यांच्या आतला कोळशाचा थर नव्या स्पिरिटमधली गंधकी, रबरी घाण शोषून घेतो. आणि तिसरी गोष्ट होते ती सावकाश: फळ्यांमधून हवा आत झिरपते, अल्कोहोल आणि आम्लं एकमेकांशी झोंबतात, त्यातून फळांच्या वासाची एस्टर तयार होतात. पहिल्या दोन गोष्टी ताज्या पिंपात काही वर्षांत उरकतात. तिसरीला वेळच लागतो, तिथे पैसे टाकून घाई करता येत नाही.

म्हणून सोळा वर्षांची वेगळी लागते. हीही मुख्यतः वापरलेल्या पिंपांतली, ४३ टक्क्यांची. १९८८पासून ती 'क्लासिक मॉल्ट्स' या मालिकेत आयलाचं प्रतिनिधित्व करते आहे. ग्लासात ओतून दहा मिनिटं सोडा. आधी धूर येतो, पण त्याच्या कडा घासून गोल झालेल्या असतात. जाळाचा नाही, जाळ विझल्यानंतरच्या खोलीचा धूर. त्याच्या मागून सुकं अंजीर, काळा चहा, किंचित चामडं. मग तो आयोडीनचा फराटा, लहानपणी गुडघा फुटल्यावर लावलेल्या टिंक्चरचा. जिभेवर ती जाड लागते, गोडवा येतो तो माल्टचा, काकवीच्या जवळ जाणारा, आणि तो पुरता पसरण्याआधीच मीठ आणि तुरटपणा त्याला आवरतात. शेवटी धूर परत येतो आणि जात नाही. फिनॉल कमी होऊनही धूर मोठा वाटतो तो यामुळेच: आठमध्ये तो मोकळ्या मैदानात एकटा उभा होता, इथे त्याला टेकायला भिंती मिळाल्या आहेत.

हा सोळा वर्षांचा हिशेब कंपनीलाही अडचणीत आणतो. आज किती बाटल्या लागतील हे सोळा वर्षांपूर्वी ठरवावं लागतं. १९८०च्या दशकात स्कॉचचा बाजार कोसळला होता. पोर्ट एलन डिस्टिलरी १९८३मध्ये बंद झाली (ती २०२४मध्ये पुन्हा सुरू झाली), लॅगावूलिनही आठवड्यातून जेमतेम दोन दिवस चाले. पुढे मागणी वाढली तेव्हा सोळा वर्षांची बाटली मिळेना, कारण ती भरलेलीच नव्हती.

तिच्या खारटपणाचं श्रेय समुद्राच्या वाऱ्याला देण्याची पद्धत आहे. गोदामाच्या भिंतीवर लाटा आपटताहेत, पिंपं खारी हवा पितायत, असं छान चित्र जाहिरातीत असतं. मला ते फारसं पटत नाही. मालक कंपनी डियाजिओ बेटावरच्या आपल्या स्पिरिटचा मोठा भाग टँकरने मुख्य भूमीवर नेऊन तिथल्या गोदामांत मुरवते. खारटपणा बहुधा पीटमधून आणि त्या जड स्पिरिटमधूनच येत असावा. तीच गत रंगाची. सोळाचा गडद तांबूस रंग पाहून लोक शेरी या स्पॅनिश वाईनच्या पिंपाबद्दल बोलू लागतात. पण स्कॉचमध्ये रंग जुळवण्यासाठी साधं कॅरमल घालायला कायद्याची परवानगी आहे, आणि जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ते छापावंही लागतं. सोळाच्या जर्मन बाटलीवर ते छापलेलं असतं. डोळ्यांनी व्हिस्की ओळखणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

'डिस्टिलर्स एडिशन' ही खरी वादाची बाटली. स्पिरिट आधी नेहमीच्या पिंपांत मुरतं, नंतर काही काळ पेद्रो हिमेनेथ शेरीने भिजवलेल्या पिंपांत जातं. पेद्रो हिमेनेथ म्हणजे द्राक्षं उन्हात वाळवून केलेली, काकवीसारखी दाट काळी शेरी. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला यायची आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाल्यांना आयती मिळायची. १९८०च्या दशकात ती पिंपांतून पाठवणं थांबलं, बाटल्या स्पेनमध्येच भरल्या जाऊ लागल्या. तेव्हापासून 'शेरीची पिंपं' ही बहुतेक खास व्हिस्कीसाठीच शेरी भरून तयार केलेली असतात. म्हणजे आता शेरी पिंपासाठी, पिंप शेरीसाठी नव्हे.

या बाटलीत मनुका आहेत, खजूर आहे, कॉफी आहे, भाजलेल्या संत्र्याची साल आहे. पहिला घोट मोहात पाडतो. ज्यांना धूर सोसत नाही त्यांना हीच आवडते, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण थोड्या वेळाने मला धूर आणि मनुका एकमेकांना चिकटलेले न वाटता एकावर एक ठेवलेले वाटतात. गोडवा जिभेच्या पुढच्या भागावर, धूर मागे, मधली ती तुरट, खारट, चामड्याची जागा झाकली गेलेली. वर्षानुवर्षं हवेने जे सावकाश केलं होतं, त्यावर शेवटच्या थोड्या काळात शेरीने रंग फासला. मॉल्टच्या बाजारात आज ही फॅशन जोरात आहे: पोर्ट, मडेरा, रम, वाईन, मिळेल त्या पिंपात थोडा मुक्काम. बाल्व्हेनीच्या डेव्हिड स्ट्युअर्टने १९८०च्या दशकात हा दोन पिंपांचा प्रयोग केला आणि १९९३मध्ये 'डबलवुड' आली, तेव्हा त्याला तोल सांभाळायचा होता. त्या हलक्या, मधाळ स्पिरिटला शेरी शोभून दिसते. लॅगावूलिनला आधाराची गरजच नव्हती.

पिण्याबद्दल थोडं. सोडा आणि चकणा यांच्याशी माझं भांडण नाही, पण या तीन बाटल्यांसाठी दोन्ही बाजूला ठेवा. खाली फुगीर, वर निमुळता ग्लास घ्या आणि चमचाभर साधं पाणी घाला. २०१७मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं की अल्कोहोलचं प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आलं, की धुराच्या वासाचं ग्वायाकोल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ येतं. आठवर याचा फरक स्पष्ट जाणवतो. बर्फाने सगळंच मुकं होतं. मात्र आपल्याकडच्या मे महिन्यात खोली ३३ अंशांवर असेल तर 'खोलीच्या तापमानाला' हा स्कॉटिश सल्ला निरुपयोगी आहे. तिथली खोली १८ अंशांची. आपल्याकडे अल्कोहोल आधी उडून नाकात चावतं. बाटली दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवण्यात कसलाही अधर्म नाही.

उष्णतेचा प्रश्न पिंपातही येतोच. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के उडून जातं. तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. सोळा वर्षांत सुमारे पाव हिस्सा गेला. बंगळूर आणि गोव्याला हे देवदूत भलतेच हावरे. 'अमृत'ने २०१३मध्ये आठ वर्षं मुरवलेल्या मॉल्टचं नावच 'ग्रीडी एंजल्स' ठेवलं. गोव्यात कुंकळ्ळीची 'पॉल जॉन' डिस्टिलरी घ्या. वर्षाला आठ टक्के धरले तर सोळा वर्षांनी पिंपात पाव हिस्साच उरेल. तो पाव हिस्साही पिण्यालायक नसेल, कारण उष्णतेने लाकूड इतकं पिळलं गेलेलं असेल की ग्लासात ओकचा कडू काढा यायचा. म्हणून तिथे काही वर्षांतच बाटली भरतात. पॉल जॉनची 'बोल्ड' आयलाच्या पीटवर वाळवलेल्या माल्टची आहे. धूर तोच, पण त्याच्याखाली केळं, मध, भरपूर व्हॅनिला, गरम हवेने भराभर उपसलेलं लाकूड. तिला सोळाशेजारी बसवणं अन्यायाचं आहे. आठशेजारी बसवा, तिथे ती मान खाली घालत नाही.