न सांगितलेल्याचे अनुमान

मिखाल कोसिन्स्की, डेव्हिड स्टिलवेल आणि थोरे ग्रेपेल यांचा एक शोधनिबंध २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फेसबुकवरील ५८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या ‘लाइक्स’वरून त्यांचा वंश, राजकीय कल, लैंगिकता, बुद्धिमत्ता यांचे अनुमान करता येते, असे त्याचे प्रतिपादन आहे.

पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकाला त्यातील एक शब्द अडवतो. समलिंगी व भिन्नलिंगी पुरुष ८८ टक्के ‘प्रकरणांत’ अचूक ओळखले गेले, असे सारांश सांगतो. निबंधात आत शिरल्यावर कळते की, दोन्ही गटांतून एकेक व्यक्ती घेतली असता त्या जोडीतील कोण कोणत्या गटाचा, हे ८८ टक्के वेळा बरोबर सांगता येते. या दोन विधानांत फार अंतर आहे. प्रत्यक्षात माणसे अशी जोडीने समोर येत नाहीत. आणि गट संख्येने लहान असला की त्याचा शिक्का बसलेल्यांपैकी पुष्कळ जण त्या गटाचे नसतातच. आडनाव ऐकून माणसाची किंमत ठरवणारा समाज ज्यांनी सोसला, त्यांना अशा शिक्क्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

दुसरा आक्षेप संमतीविषयी आहे. समलिंगी म्हणून नोंदलेल्यांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी जण त्या विषयाच्या उघड गटांशी जोडलेले होते, हे निबंधातच नमूद आहे. अनुमानाचा आधार गायक, दूरदर्शन मालिका अशा साध्या आवडी हाच होता. (उच्च बुद्धिमत्तेच्या खुणांत तर बटाट्याचे कुरळे तळलेले काप आहेत!) स्वयंसेवकांनी संमती दिली ती स्वतःपुरती. त्यांच्यावरून बांधलेला नियम मात्र काहीही न सांगितलेल्या तिऱ्हाइताला लावता येतो. याच केंब्रिज विद्यापीठातील अलेक्झांडर कोगन यांचे प्रश्नावलीचे निराळे अॅप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतले. त्यातून त्यांच्या मित्रांसह ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज अॅनालिटिका या कंपनीकडे गेली असावी, असे फेसबुकने २०१८ साली सांगितले.

अशी भाकिते चुकीची ठरली तरी माणसाच्या स्वातंत्र्याला, प्रसंगी जिवालाही धोका संभवतो, असा इशारा लेखकांनी अखेरीस दिला आहे. तो प्रामाणिक आहे. परंतु पारदर्शकता आणि आपल्या माहितीवर आपले नियंत्रण, हा त्यांनी सुचविलेला उपाय त्यांच्याच निष्कर्षापुढे टिकत नाही. माझी लैंगिकता वा राजकीय मत मी कोठेही लिहिले नसेल, तर नियंत्रण ठेवायचे कशावर? ते अनुमान इतरांच्या माहितीतून आलेले असते, आणि ती माझ्या हाती नसते.