‘कच्चे’ आणि ‘पक्के’ : खानदेशी घराच्या वर्णनातील एक अपुरे द्वंद्व

घरांविषयीच्या मराठी लेखनात ‘कच्चे’ व ‘पक्के’ ही जोडी इतकी रुळली आहे की तिचा अर्थ तपासून पाहावा असे सहसा कोणास वाटत नाही. शासकीय अहवालांत, ग्रामवर्णनांत, क्वचित प्रबंधांतही ती शास्त्रीय परिभाषेच्या थाटात वावरते. परंतु खानदेशासारख्या तप्त प्रदेशात ही जोडी घराच्या एका प्रमुख गुणाविषयी, म्हणजे गारव्याविषयी, काहीच सांगत नाही. पुष्कळदा तर ती विपरीत समज करून देते.

‘पक्का’ हा शब्द संस्कृत ‘पक्व’पासून आला. फळ पिकते, अन्न शिजते, वीट भाजली जाते. या तिन्ही क्रियांच्या परिपूर्तीचा बोध त्यात आहे. पक्की वीट म्हणजे भाजलेली, कच्ची म्हणजे उन्हात वाळवलेली, एवढाच विटेपुरता भेद. पुढे ‘पक्का हिशेब’, ‘पक्की खबर’ अशा प्रयोगांतून टिकाऊपणाची व विश्वासार्हतेची छटा या शब्दास चिकटली, आणि ‘कच्चे’ हे आपोआप उणेपणाचे विशेषण झाले. द्रव्यवाचक शब्द अशा रीतीने मूल्यवाचक बनला. मात्र वापरणाऱ्यास तो अजूनही द्रव्यवाचकच वाटतो. घोटाळ्याचे मूळ येथे आहे. २००१ च्या जनगणनेत पत्र्याचे छप्पर ‘कायम’ स्वरूपाच्या छपरांत मोडते आणि मातीचे छप्पर त्या वर्गाबाहेर राहते. टिकाऊपणाची कसोटी म्हणून हे वर्गीकरण समर्थनीय असेल. राहण्याच्या सोयीची कसोटी म्हणून ते मुळीच पुरेसे नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्यालगतचे लोणखेडा ज्या तापीखोऱ्यात वसले आहे, तेथील जुने घर म्हणजे धाब्याचे घर. हातभर रुंदीच्या मातीच्या भिंती, लाकडी तुळया व कड्या, त्यांवर काटक्यांचा थर आणि सर्वांवर दाबून बसवलेली माती, अशी त्याची सामान्य रचना. मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा या जाडीचे कार्य ध्यानात येते. सुमारे ४५ सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोहोचण्यास १०-१२ तास लागतात. दुपारची झळ आत येईपर्यंत रात्र झालेली असते, आणि तोवर घरातील माणसे धाब्यावर निजावयास गेलेली असतात. सिमेंटच्या पातळ स्लॅबमधून तीच उष्णता तीन-चार तासांत उतरते. पत्र्यास तेवढाही अवधी लागत नाही. धाबे हे दिवसा छप्पर आणि रात्री अंथरूण होय. घराचा हा दुहेरी उपयोग ‘कच्चे’ या शब्दात कोठेच मावत नाही.

बोलीतील शब्दांनी मात्र या ज्ञानाची नोंद ठेवली आहे. ‘काळी’ म्हणजे शेतजमीन व ‘पांढरी’ म्हणजे गावठाण हा भेद मराठी महसुली भाषेस जुना आहे. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते; म्हणून धाब्यावर पांढरीची किंवा खारी माती घालतात. खाऱ्या मातीचे कण भिजताच सुटे होऊन छिद्रे बुजवतात व पाणी अडवतात. ‘लोणखेडा’ या नावातील ‘लोण’चा ‘लवणा’शी संबंध जोडण्याचा मोह येथे होईल, परंतु ग्रामनामांची व्युत्पत्ती केवळ ध्वनिसाम्यावर उभी करू नये. प्रमाण मराठीत ‘धाबे’ आज मुख्यतः ‘नियम धाब्यावर बसवणे’ या वाक्प्रचारात, नाही तर हमरस्त्यावरच्या भोजनगृहाच्या नावात उरले आहे. वस्तू दृष्टीआड झाली की शब्दाचे असे होते.

म्हणून मातीच्या घराचे गोडवे गाणारे लेखनही निर्दोष ठरत नाही. धाब्यास दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माती घालावी लागते; अतिवृष्टीत ते गळते, प्रसंगी कोसळते. त्यास लाकूड फार लागते, आत उजेड कमी असतो, भिंतीस लोणा लागतो, वाळवी लागते. सारवण्याचे श्रम बहुधा स्त्रियांच्या वाट्यास येतात. ज्या कुटुंबाने स्लॅब पसंत केला, त्याने गारव्याच्या मोबदल्यात निश्चिंती घेतली. ही निवड अज्ञानाची म्हणता येत नाही. ‘पक्के’ म्हणणारा गारवा विसरतो, तर ‘पारंपरिक’ म्हणणारा श्रम विसरतो. दोन्ही शब्द एकाच अंगाने आंधळे आहेत.

हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. २०१६ मध्ये इंदिरा आवास योजनेची जागा घेणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिच्यात कच्च्या भिंती व कच्चे छप्पर हा पात्रतेचा निकष ठरला आणि किमान २५ चौरस मीटरच्या पक्क्या घराचे उद्दिष्ट ठेवले गेले. गरजू कुटुंब ओळखण्यास हा शब्द उपयोगी पडला, हे मान्य केले पाहिजे. परंतु पात्रता ठरविणारा शब्दच बांधकामाचा आदर्श ठरू लागला, म्हणजे ओटा, सावली, भिंतीची जाडी या गोष्टी विचारातूनच गळतात. प्रादेशिक नमुन्यांना योजनेत वाव असूनही तसे नमुने मागण्याची भाषा अर्जदारापाशी राहत नाही. वस्तुतः स्लॅब कायम ठेवूनही त्यावर चुन्याचा पांढरा हात देणे, पश्चिमेच्या भिंतीस पडवीची सावली देणे, छज्जा पुढे काढणे हे शक्य आहे. २०१३ पासून उष्णता कृती योजना राबविणाऱ्या अहमदाबाद शहरात पुढे पांढऱ्या छपरांचा पुरस्कार झाला, तो याच तत्त्वावर.

तात्पर्य, घर किती टिकते आणि घरात दुपार कशी जाते हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांस दोन स्वतंत्र संज्ञा हव्यात. अहिराणी व भिली बोलींचा शब्दसंग्रह करणाऱ्या अभ्यासकाने घराच्या प्रत्येक भागाच्या नावापुढे त्याचे द्रव्य लिहून थांबू नये. त्याचे कार्य, त्याच्या वापराची वेळ आणि त्याची निगा राखणारा हातही नोंदवावा. अशा नोंदींवाचून ‘कच्चे’ हा शेरा मारणे म्हणजे न वाचलेल्या ग्रंथावर अभिप्राय देणे होय.