शेजार दिसला, पण व्यवहार दिसला का?

सकाळी ब्रशने तुम्ही जो चिकट थर घासून काढता, त्या प्लाकचा एक फोटो आमच्या क्षेत्रात फार गाजलाय. २०१६ साली जेसिका मार्क वेल्च, गॅरी बोरिसी आणि सहकाऱ्यांनी तो पीएनएएस या नियतकालिकात छापला. आज त्याच पेपरबद्दल थोडं कौतुक आणि थोडी तक्रार.

आधी कौतुक. प्लाक कुटून डीएनए वाचला की मतदार यादी मिळते, पण पत्ते हरवतात. या मंडळींनी यादीतून महत्त्वाची कुळं निवडली, प्रत्येकाला वेगळ्या रंगाने चमकवलं आणि न कुटता पाहिलं. दिसली एक काटेरी रचना, तिला त्यांनी ‘हेजहॉग’ म्हटलं. मधून बाहेरपर्यंत कोरिनेबॅक्टेरियमचे लांब धागे. धाग्यांच्या टोकांवर, मक्याच्या कणसावर दाणे असावेत तसे स्ट्रेप्टोकॉकस. आतल्या पट्ट्यात फ्युसोबॅक्टेरियम, लेप्टोट्रिकिया, कॅप्नोसायटोफागा. म्हणजे हा लगदा नाही, बांधलेली वस्ती आहे.

आता तक्रार. या मांडणीतून एक गोष्ट सांगितली जाते: बाहेरचे स्ट्रेप्टोकॉकस लाळेतली साखर आणि ऑक्सिजन वापरतात, लॅक्टेट आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून आत कमी ऑक्सिजनवाल्यांची सोय होते. प्रयोगशाळेतल्या माहितीशी हे जुळतं. पण त्या फोटोंत ऑक्सिजन मोजलेला नाही, लॅक्टेटही नाही. लोकलमध्ये शेजारी बसलेले दोघं एकमेकांना ओळखतातच असं नाही ना! लेखकांनी शब्द जपून वापरलेत, जागेवरून भूमिका ‘सुचते’ एवढंच ते म्हणतात. गडबड आपण करतो. मी स्वतः सेमिनारमध्ये हे सिद्ध झाल्यासारखं सांगितलं होतं. मागच्या बाकावरून एका सीनियर ताईने विचारलं, “ऑक्सिजन कोणी मोजला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरं म्हणजे, रंग कुळाचा आहे, प्रजातीचा नाही. दात किडवण्यात हात असलेला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स आणि निरोगी तोंडात सहज राहणारे त्याचे भाऊबंद, सगळे एकाच रंगात. नमुनेही निरोगी लोकांचे. त्यामुळे दात का किडतो, हे या फोटोला विचारू नका.

तिसरं, फोटो स्थिर आहे. वस्ती उभी कशी राहते? २०२४ मध्ये याच गटाने कोरिनेबॅक्टेरियम मॅट्रुकोटीची वाढ जिवंतपणी टिपली. धागा टोकाकडून वाढतो आणि मग एकदम ३ ते १४ पेशींमध्ये तुटतो. ही खरी भर आहे, कारण इथे प्रक्रिया प्रत्यक्ष पाहिलीय. पण तीही शेजाऱ्यांशिवाय, एकट्या जिवाणूची.

म्हणून माझं मत: २०१६ चा पेपर जरूर वाचा, पण पत्त्यांची वही म्हणून. कोण कोणाला काय देतं, हे कोणी सांगितलं तर आधी विचारा, मोजलं कशाने?