रविवारचें वास्तुप्रेम

अलीकडे महाराष्ट्रांतील सुशिक्षितांचा रविवार दोन वाटांनीं जाऊं लागला आहे. कांहीं मंडळी घमेलें व फावडें घेऊन गड चढतात. कांहीं मुंबईच्या फोर्ट विभागांत एखाद्या जाणत्या स्थापत्यविशारदाच्या मागोमाग माना वर करून हिंडतात. पहिल्या उद्योगास श्रमदान म्हणतात. दुसऱ्यास 'हेरिटेज वॉक' असें इंग्रजी नांव पडलें आहे, आणि त्यास मराठी नांव रूढ होईल असें दिसत नाहीं. दोन्ही उद्योग चांगले आहेत. परंतु चांगल्या उद्योगाचीही चिकित्सा व्हावी लागते, किंबहुना त्याचीच अधिक व्हावी.

शहरांतील प्रकार पाहावयाचा तर काळा घोडा येथील कलोत्सव घ्यावा. (मूळचा काळा घोडा १९६५ सालींच तेथून हलविला गेला, आणि २०१७ मध्यें त्याच्या जागीं बिनस्वाराचा नवा आला.) १९९९ पासून चालत आलेल्या या उत्सवांत वास्तुकलेस मानाचें स्थान असतें. एल्फिन्स्टन कॉलेजच्या कमानी व डेव्हिड ससून ग्रंथालयाचें दगडकाम यांवर तेथें रसाळ निरूपण होतें. हाकेच्या अंतरावर वॉटसन हॉटेलाची जुनी इमारत आहे. इंग्लंडांत घडविलेला लोखंडी सांगाडा समुद्रमार्गें आणून ती उभारली, आणि ७ जुलै १८९६ रोजीं लुमिएर बंधूंचीं चलच्चित्रें हिंदुस्थानांत प्रथम तेथेंच दाखविलीं गेलीं, ही हकीकत मार्गदर्शक आवर्जून सांगतात. परंतु २००५ सालच्या पावसाळ्यांत तिचा एक भाग कोसळला, आणि २०१९ मध्यें धोकादायक ठरल्यामुळें तेथील भाडेकरूंस बाहेर पडावें लागलें. इतक्या रसिकांची नजर जिच्यावर पडली तिची ही दशा कां व्हावी? १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर गोठविलीं. ज्या भाड्यांत खिडकीची काच बदलतां येत नाहीं त्यांत मालक लोखंडाची निगा काय राखणार? आणि जागा आपली नव्हे म्हणून भाडेकरू तरी ती कां राखील? भाड्याची पावती हा त्या इमारतीच्या चरित्राचा तिच्या नक्षीइतकाच महत्त्वाचा भाग आहे, आणि निरूपणांत बहुधा तोच वगळला जातो.

गडांवरील मंडळींचें मला अधिक कौतुक वाटतें, कारण त्यांना वास्तूचा डौल नव्हे तर तिचें काम पाहावें लागतें. पाण्याच्या टाक्यांतील गाळ उपसणें हा त्यांच्या श्रमदानाचा मोठा भाग. सह्याद्रीवरील किल्ला म्हणजे प्रथम पाण्याची योजना व मग तटबंदी. पाणी नाहीं तर शिबंदी नाहीं, आणि शिबंदी नाहीं तर तट हा नुसता दगडांचा ढीग. शिवनेरीवरील गंगा-जमुना किंवा सिंहगडावरील देवटाकें पाहणारा प्रवासी 'येथें पाणी आहे' एवढें म्हणून पुढें जातो. परंतु ज्यानें गुडघाभर चिखलांत उभें राहून एखादें खांबटाकें मोकळें केलें आहे त्याला कळतें कीं छत तोलून धरण्यासाठीं खांब कातळांतच राखले आहेत, छतामुळें पाण्यास ऊन लागत नाहीं, आणि टाकें खोदतांना निघालेला दगड गडाच्याच बांधकामास उपयोगीं पडत असे. हें ज्ञान कोणत्याही व्याख्यानापेक्षां खांद्याच्या ठणक्यानें लवकर होतें.

तथापि टाक्यांतील गाळ हा नुसता केर नव्हे. त्यांत खापरें, नाणीं, लोखंडाचे तुकडे थराथरांनीं बसलेले असूं शकतात, आणि दरींत लोटलेल्या घमेल्याबरोबर तो क्रम कायमचा नाहींसा होतो. संरक्षित स्मारकावर परवानगीवांचून काम करूं नये असा कायदा आहे. कित्येकांस ती सरकारी आडकाठी वाटते, मला तशी वाटत नाहीं. स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना जुन्या वास्तूंचीं मोजमापें घेऊन आराखडे काढावे लागतात. पुरातत्त्व खात्याच्या संमतीनें असा एखादा विद्यार्थी वही घेऊन टाक्याच्या कांठावर बसला व प्रत्येक थराची नोंद करीत राहिला, तर फावडें मंदावेल. मंदावूं द्यावें. इतकीं वर्षें बसलेल्या गाळाला आणखी दोन रविवार जड जाणार नाहींत.

त्याहून मोठा अपराध सिमेंटचा. चुन्यांत बांधलेली भिंत ओल आंत घेते व बाहेर सोडते. तिच्या सांध्यांत सिमेंट भरलें कीं ओलीची ती वाट बंद होते. मग ती दगडांतून वाट काढते, क्षार फुलतात, आणि दगडाच्या कडा सुटूं लागतात. कोंकणांतील सच्छिद्र जांभ्यास तर हें मुळींच सोसत नाहीं. मग चुनाच कां वापरीत नाहींत? त्याच्या घाण्या कित्येक गडांवर अजून दिसतात. अडचण अशी कीं चुन्याला रविवार मानवत नाहीं. कळीचा चुना विरवून मुरत ठेवावा लागतो, वाळूबरोबर मळावा लागतो, आणि भिंतींत भरल्यावर दिवसेंदिवस ओला राखावा लागतो, कारण तो हवेच्या योगानें हळूहळू घट्ट होतो. संध्याकाळची गाडी गांठणाऱ्या मंडळींनीं लिंपलेला सांधा सोमवारच्या उन्हांत कोरडा पडतो व पुढें त्याचा भुगा होतो.

विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं लंडनांत जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं संस्था काढली. तिचा भर जीर्णोद्धाराच्या थाटावर नसून रोजच्या देखभालीवर होता. इंग्रजीच्या वर्गांत मॉरिसचें काव्य भेटतें. ही बाजू सहसा भेटत नाहीं. आमच्या गडांवर अशी देखभाल करणार कोण? जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. त्यांपैकीं जिंजीखेरीज अकरा महाराष्ट्रांतील आहेत. कोणतें टाकें वैशाखांत आटतें, कोणता बुरूज कोणत्या पावसांत फुगला, हें पायथ्याच्या गांवांतील माणसांस ठाऊक असतें. आमच्या श्रमदानांत तीं माणसें बहुधा पिठलें-भाकरी पुरविण्यापुरतीं भेटतात. त्यांतील दोघांतिघांस चुन्याचें काम शिकवून, परवानगीच्या कामावर आठवड्याचे उरलेले सहा दिवस रोजानें कां ठेवूं नये? मंडळाच्या हिशेबांत त्यांच्या रोजाचा रकाना टोप्यांच्या व फलकांच्या रकान्याआधीं असावा.