भुलेश्वरचे घुमट खटकतात कुणाला?

शिरूरहून न्हावरे-चौफुला करत या किंवा दौंडहून सोलापूर हायवेने; यवतजवळ डावीकडे वळलं की डोंगरावर भुलेश्वर. तालुका पुरंदर, गाव माळशिरस, पण इकडची माणसं ‘यवतचं भुलेश्वर’च म्हणतात. लांबून दिसतात ते घुमट आणि मिनारासारखे मनोरे. देऊळ दिसतच नाही.

यावरचे रील्स ठरलेले: आत तेराव्या शतकातलं अस्सल यादवकालीन शिल्प, आणि वर ‘नंतर बिघडवलेलं’ बांधकाम. मला हे वाचन आळशी वाटतं.

यादवांच्या कारागिरांकडे खरी कमान नव्हती. खांब, त्यावर तुळई, त्यावर एकेक थर पुढे सरकवत नेलेलं छत. म्हणून आतली जागा अरुंद आणि अंधारी, आणि म्हणूनच प्रदक्षिणेत शिल्पं अगदी नाकासमोर येतात. स्त्रीरूपातला गणपती मान वर केल्याशिवाय सापडत नाही. मोबाईलचा टॉर्च मारला की कोरीवकाम सपाट होतं, तेव्हा तो बंदच ठेवा. वरचे घुमट वीट-चुन्याचे आहेत. तसे घुमट आणि मनोरे मराठी अमदानीतल्या देवळांवरही सर्रास चढले. घुमट दिसला की ‘परक्यांचं काम’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

1630 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने या डोंगरावर दौलतमंगळ किल्ला उभारला आणि देऊळ तटबंदीच्या आत आलं. त्याच दशकात, 1635-36 मध्ये, डेन्मार्कच्या रोस्किल्ड कॅथेड्रलवर राजा चौथा क्रिश्चन टोकदार शिखरं चढवत होता. ते चर्च बाराव्या शतकात कॅथलिक म्हणून सुरू झालेलं, 1536 पासून लुथरन. आज त्या चर्चचा फोटो म्हणजे तीच दोन शिखरं. ‘मूळ’ चर्च दिसावं म्हणून ती उतरवा, असं म्हटलं तर लोक हसतील.

भुलेश्वरच्या मूर्तींचे चेहरे फोडलेत, हे खरंय आणि ते बघून राग येतो. पण फोडणारा हात आणि छप्पर घालणारा हात एकच धरायचा, ही सोय आपली आहे. पावसाळ्यात डोंगरमाथ्यावर वारा-पाऊस कसा झोडपतो ते एकदा बघून या. तो पाऊस आज आधी त्या चुन्यावर पडतो, कोरलेल्या दगडावर नंतर.